एक हत्ती कमी

लिएपायाच्या बंदरात तेहतीस वर्षं मी क्रेन चालवली.
वरच्या काचेतून सगळंच पट दिसायचं:
गोदामांची घरं, रांगेतली प्यादी,
आणि खाली कुणाचं तरी डोकं, टोपीएवढंच.
घाबरायची सवय तिथेच गेली असावी.

शेवटची फेरी. दुसरं टेबल.
समोर डॉक्टर इल्ग्वार्स झेमझार्स, दातांचे.
माझ्या तोंडातली प्रत्येक खिंड त्यांना पाठ.
मला पाठ आहे ती त्यांची मिशी,
जी पेचात सापडली की डावीकडे सरकते.

त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. मीही.
त्यांचा घोडा उडाला अडीच घरं,
आणि मी उंटासमोरचं प्यादं ढकललं,
सरळ, दोन घरं,
नोव्हेंबरात स्वतःच्याच राजाचं पांघरूण ओढून घेतल्यासारखं.

मागे कुणीतरी खुदकन हसलं.
या आगाऊपणाला आमच्याच देशाचं नाव आहे
आणि आमच्या क्लबात तो कुणी करत नाही.
पुस्तकं म्हणतात, चूक आहे.
कॉम्प्युटर तर काही म्हणतही नाही,
नुसता आकडा दाखवतो, तापमापकासारखा.

मग उंट आला. प्याद्यानं प्यादं खाल्लं. घोडा मध्यावर येऊन बसला.
माझा वजीर एकटाच निघाला, डबा न घेता,
त्यांच्या राजवाड्याच्या कुंपणात शिरला.
त्यांचा वजीर: शह.
प्यादं आडवं घातलं.
त्यांचा उंट: शह.
माझा राजा सरकला, आणि वजिराच्या रिकाम्या घरी
संसार मोडलेल्या माणसासारखा उभा राहिला.
तेवढ्यात ते प्यादंही गेलं.
मी कोपऱ्यातला हत्ती उचलला. शह.
त्यांचा राजा एक घर पुढे आला, अनवाणी.

हत्ती माझ्या मुठीत. गुळगुळीत, थोडा कोमट.

आता काय?
खायला अजून एक उंट होता, समोरच, ताटात वाढलेला.
हात त्याच्याकडे गेलाही.
पण वजन उचलताना एक क्षण येतो,
दोर ताणलेला, भार जमिनीवरून सुटलाय, नाही सुटलाय,
तेव्हा हँडल ओढायचं नसतं.
मी वेगळंच प्यादं एक घर पुढे केलं.
फक्त एक.
परसदाराची कडी काढावी तसं.

डॉक्टर बेचाळीस मिनिटं बसले.
मी खिडकीशी गेले. थर्मासमधला चहा संपला होता,
कॅरवेचं चीज कुणीतरी अर्धं खाऊन ठेवलेलं.
समुद्रावरून वारा आला की काचा कुरकुरतात.
पलीकडे माझी क्रेन. आता ती एक पोरगा
ऑफिसात बसून चालवतो, खाली काय आहे ते पडद्यावर बघत.
चांगली चालवतो, म्हणतात.

परत आले तर मिशी पार डावीकडे.
"बरोबरी?" ते पुटपुटले.
माझी मागची दाढ ठणकत होती, उजवीकडची, खालची.
सोमवारी साडेनऊला त्याच दाढेसाठी
मला त्यांच्या खुर्चीत आ करून पडायचं होतं,
आणि यंत्र त्यांच्या हातात असणार होतं.
शहाण्या बाईनं हो म्हटलं असतं.

"खेळूया," मी म्हणाले.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही.
माझा राजा परसदारानं निघून गेला,
त्यांचा उघड्यावर फिरत राहिला, या दारी, त्या दारी,
आणि सगळी दारं माझ्याच माणसांनी लावून घेतलेली.
एक चाल मी चुकलेसुद्धा. ती त्यांना दिसली नाही,
रात्री झोपताना मलाच दिसली.

त्यांनी राजा आडवा केला,
ट्रेमध्ये चिमटा ठेवावा तितक्या हळू.
हात मिळवला. चष्मा पुसला.
म्हणाले, "सोमवारी. साडेनऊ. पोटभर खाऊन या,
नंतर दोन तास काही खाता येणार नाही."

जिन्याच्या चौथ्या पायरीवर होते
तेव्हा पंच बेनिताबाईंचा आवाज आला, वरून,
मोहरी मोजतानाही चुकणार नाही असा:
"दुसऱ्या टेबलावर एक हत्ती कमी आहे!"

मूठ उघडली.
चार बुरूज तळहातावर उमटले होते.